दुर्बलांचा ख्रिस्त : शुसाकू एन्दो यांची ग्रंथसंपदा

एखाद्या लेखकाने कथा-कादंबरीबरोबरच धर्मचिंतन, इतिहास आणि चित्रपट अशा अनेक क्षेत्रांत संचार केला, की समीक्षक त्याच्याकडे थोड्या संशयाने पाहू लागतात. ‘एक ना धड, भाराभर चिंध्या’ ही म्हण अशा वेळी चटकन ओठांवर येते. जपानी कॅथलिक साहित्यिक शुसाकू एन्दो (१९२३-१९९६) यांची ग्रंथसूची वरवर चाळणाऱ्यास असाच भास होईल. गंभीर कादंबऱ्या, येशूचरित्र, ऐतिहासिक चरित्र, नाटक, पटकथा, शिवाय ‘कोरिआन’ या टोपणनावाने लिहिलेले खुसखुशीत विनोदी लेख! परंतु हे ग्रंथ एकमेकांशेजारी ठेवून वाचले असता आम्हांस त्यांत एकच प्रश्न पुनःपुन्हा विचारलेला दिसतो : ज्याला श्रद्धेसाठी प्राण देता आले नाहीत, त्या भित्र्या माणसाला ख्रिस्तापाशी जागा आहे काय?

हा प्रश्न आपणांस परका नाही. वसईचे सुपुत्र संत गोन्सालो गार्सिया यांनी ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे पंचवीस सोबत्यांसह क्रूसावर प्राण अर्पण केले. १८६२ साली पोप नववे पायस यांनी त्यांना संतपद बहाल केले. त्यांच्या मध्यस्थीची याचना करीत वाढलेल्या धर्मग्रामांना जपानची भूमी हुतात्म्यांची भूमी म्हणून ठाऊक आहे. त्याच भूमीत ज्यांचा धीर सुटला, त्यांची कथा एन्दो सांगतात. म्हणूनच त्यांचे लेखन आपल्याला काहीसे अस्वस्थ करते.

एन्दो यांचे बालपण मांचुरियातील दालियान येथे गेले. आईवडिलांच्या घटस्फोटानंतर आई त्यांना घेऊन जपानला परतली. तिने कॅथलिक धर्म स्वीकारला आणि तिच्या इच्छेखातर लहानग्या शुसाकूचाही स्नानसंस्कार झाला. आईने अंगावर चढवलेला हा पाश्चात्त्य पोशाख आपल्या देहाला नीट बसत नाही, अशी खंत त्यांनी पुढे वारंवार व्यक्त केली. मात्र तो त्यांनी फेकून दिला नाही. तो आपल्या मापाचा करून घेण्यात त्यांनी आयुष्य वेचले.

‘मौन’ (१९६६) ही त्यांची सर्वांत गाजलेली कादंबरी. सतराव्या शतकातील पोर्तुगीज येशूसंघीय धर्मगुरू रॉड्रिग्ज गोवा व मकावमार्गे छळग्रस्त जपानमध्ये उतरतो. त्याचे गुरू फेरेरा यांनी धर्मत्याग केला, ही वार्ता त्याला खरी वाटत नसते. फेरेरा हे इतिहासातील व्यक्तिमत्त्व आहे. १६३३ साली खड्ड्यावर उलटे टांगले गेल्यावर त्यांनी श्रद्धा नाकारली होती. पुढे रॉड्रिग्जही पकडला जातो. तो ख्रिस्तप्रतिमेवर पाय ठेवीपर्यंत निरपराध शेतकऱ्यांचे हाल थांबणार नाहीत, असा पेच त्याच्यासमोर टाकला जातो, आणि अखेर तो पाय ठेवतो. नागासाकीच्या कॅथलिकांत या कादंबरीविषयी नाराजी उमटली, यात नवल नाही. परंतु आमच्या मते कादंबरीचे मर्म रॉड्रिग्जपेक्षा किचिजिरोत आहे. हा दारुडा, भेकड इसम पुनःपुन्हा विश्वासघात करतो आणि पुनःपुन्हा प्रायश्चित्त संस्कारासाठी धर्मगुरूचा माग काढीत येतो. त्याच्या पापाची किळस येते, तरी त्याचे हे परतून येणे विसरता येत नाही.

‘येशूचे जीवन’ (१९७३) वाचताना किचिजिरो कोठून आला, याचा उलगडा होतो. ख्रिस्ताची ओळख नसलेल्या जपानी वाचकासाठी लिहिलेल्या या ग्रंथात एन्दो चमत्कारांवर भर देत नाहीत. कुष्ठरोग्याशेजारी बसणारा, दुःखिताला सोबत करणारा येशू ते रेखाटतात. पुढे ते एक मार्मिक प्रश्न करतात : प्रभूला पकडताच पळालेले, त्याला नाकारणारे हे शिष्य काही काळाने त्याच्यासाठी मरावयास कसे सिद्ध झाले? ज्या कोड्यापाशी इतिहासकार थबकतो, तेथे एन्दोंना पुनरुत्थानाची चाहूल लागते. भित्र्या पेत्रापासूनच ख्रिस्तसभेची वाटचाल सुरू झाली, हे त्यांनी डोळ्यांआड होऊ दिलेले नाही.

या ग्रंथाविषयी आमचा एक आक्षेप आहे. न्यायनिष्ठुर पित्याच्या जागी क्षमाशील मातेसारखा देव, अशी मांडणी एन्दो करतात. जपानी मनाला ती जवळची वाटत असेल, पण शुभवर्तमानात हे द्वंद्व नाही. उधळ्या पुत्राला दुरून पाहून धावत जाणारा आणि मिठी मारणारा तो पिताच आहे. शिवाय सोबत करणाऱ्या ख्रिस्ताचे चित्र रंगवताना मृत्यूवर विजय मिळवणारा प्रभू एन्दोंच्या लेखणीत फिकट राहतो.

एन्दोंना शूरांचे वावडे होते, असा समज मात्र त्यांचे इतिहासपर ग्रंथ वाचल्यावर टिकत नाही. ‘बंदूक आणि क्रूस’ (१९७९) हे पेत्रो किबे यांचे चरित्र आहे. हद्दपार झालेला हा जपानी तरुण गोव्याला आला. तेथून खुष्कीच्या मार्गाने जेरुसलेमला आणि पुढे रोमला पोहोचला. धर्मगुरू होऊन तो १६३० साली मायदेशी परतला आणि १६३९ साली एदो येथे हुतात्मा झाला. २००८ साली ख्रिस्तसभेने त्याला धन्यवादित घोषित केले. ज्या शिक्षेने फेरेरा खचले, तीच किबेंच्या वाट्याला आली आणि ते खचले नाहीत. एकाच लेखकाने या दोघांना आपल्या लेखनात जागा दिली, हे लक्षात घेतले पाहिजे.

‘सामुराई’ (१९८०) ही आम्हांस त्यांची सर्वांत परिपक्व कादंबरी वाटते. १६१३ साली मेक्सिको, स्पेन व रोमकडे निघालेल्या हासेकुरा यांच्या शिष्टमंडळावर ती आधारलेली आहे. नायक केवळ मालकाच्या कामासाठी स्नानसंस्कार घेतो. परततो तोवर देशात ख्रिस्ती धर्मावर बंदी आलेली असते. प्रवासभर ज्या कृश, क्रूसावरील माणसाकडे त्याने उपेक्षेने पाहिले, तोच शेवटच्या वाटेवर त्याचा सोबती होतो. महत्त्वाकांक्षी मिशनरी व्हेलास्कोही अहंकार गळून पडल्यावर हुतात्मा होतो. दुर्बल आणि शूर येथे एकाच मुक्कामी येतात.

‘मौन’ दोनदा पडद्यावर आली. १९७१ च्या मासाहिरो शिनोदांच्या चित्रपटाची पटकथा लिहिण्यात एन्दोंचा सहभाग होता. त्या चित्रपटाचा शेवट पराभवाच्या काळोखात होतो. मार्टिन स्कोर्सेसी यांच्या २०१६ च्या चित्रपटात मृत रॉड्रिग्जच्या हातात लहानसा क्रूस दिसतो. कादंबरीत तो नाही. तेथे अखेरीस सरकारी दप्तरातील कोरड्या नोंदी येतात आणि त्याच्या अंतरंगातील श्रद्धेचा अंदाज वाचकाने घ्यावयाचा असतो. स्कोर्सेसींचा क्रूस भाविकाला दिलासा देतो, हे खरे. तथापि आम्हांस कादंबरीतील मौन अधिक प्रामाणिक वाटते.

‘खोल नदी’ (१९९३) ही त्यांची उत्तरकालीन कादंबरी भारतात घडते. १९८४ साली, इंदिरा गांधींच्या हत्येच्या सुमारास, जपानी पर्यटकांचा एक गट वाराणसीत येतो. गुरुजनांनी पाखंडी ठरवलेला ओत्सू तेथे बेवारस मरणासन्नांना पाठीवर घेऊन गंगेकडे नेत असतो. ओत्सूचे सेवाकार्य हृदय हेलावून सोडते. मात्र भारत हा परक्यांच्या आत्मशोधाचा पडदा बनतो, येथील माणसे सावल्यांसारखी वावरतात, हे भारतीय वाचकास खटकल्यावाचून राहत नाही.

मग एन्दोंमुळे हुतात्म्यांचा मान उणावतो काय? हा प्रश्न ख्रिस्तसभेला नवा नाही. तिसऱ्या शतकात देकिअस बादशहाच्या छळात अनेकांनी श्रद्धा नाकारली. त्यांचे काय करावे, यावर कडाक्याचा वाद झाला. अखेर कार्थेजचे बिशप संत सिप्रियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रायश्चित्तानंतर त्यांना परत घेण्याचा मार्ग स्वीकारला. हेच सिप्रियन पुढे स्वतः हुतात्मा झाले. हुतात्म्यांचा गौरव आणि पतितांचा स्वीकार या दोन गोष्टी त्यांच्या ठायी एकत्र नांदल्या. एन्दोंनी धर्मत्यागाला सद्गुण म्हटलेले नाही. जो पडला त्याचे रडणे तेवढे त्यांनी ऐकले.

आपल्या कुटुंबांतही किचिजिरो असतात : व्यसनाने खचलेला भाऊ, लाजेने मिस्सेला यावयाचे सोडलेली बहीण. संत गोन्सालोंचे चरित्र आपण मुलांना सांगतो, ते सांगत राहिलेच पाहिजे. त्यासोबत एन्दोंचे हे ग्रंथही घरात असावेत. प्रथम ‘सामुराई’ वाचावी, मग ‘येशूचे जीवन’, आणि त्यानंतर ‘मौन’. या क्रमाने गेल्यास ‘मौन’मधील धक्का पचवण्याचे बळ वाचकापाशी येईल. आणि पुढच्या वेळी मंदिराच्या मागच्या दाराशी कोणी घुटमळताना दिसला, तर त्याच्यासाठी बाकावर सरकून जागा करण्याची बुद्धीही आपल्याला होईल.