‘पिक्चर’ आणि माझी संध्याकाळ

सातवीच्या इंग्रजीच्या पेपरात मी ‘पिक्चर’ या शब्दाचा मराठी अर्थ विचारला होता. एका मुलाने ‘सिनेमा’ असे लिहिले आणि मी तांबडी फुली मारली. पेपर वाटल्यावर तो उभा राहून म्हणाला, “सर, परीक्षा संपेपर्यंत पिक्चरला जायचं नाही, असं तुम्हीच सांगितलं होतं.” वर्ग हसला. मीही हसलो, पण गुण काही दिला नाही. मॅट्रिकपलीकडे न गेलेल्या मास्तराला आपल्या फुलीचा अभिमान जरा जास्तच असतो.

घरी येऊन कोश उघडला, तो पोरगाच बरोबर निघाला. हलत्या चित्रांना इंग्रजीत ‘मूव्हिंग पिक्चर्स’ म्हणत, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडातला सामान्य माणूस सिनेमाला जाताना ‘पिक्चर्स’ला जातो म्हणू लागला. मुंबईत ७ जुलै १८९६ रोजी वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंची हलती चित्रे दाखवली गेली. पुढे तो शब्दही आपल्याकडे मुरला. आपण त्याचे अनेकवचन तेवढे काढून टाकले. दुसऱ्या दिवशी मी मुलाला गुण दिला. त्याने तो उपकार म्हणून नव्हे, येणे वसूल झाले म्हणून घेतला.

कोश मात्र मिटवला नाही. त्याला कारण होते. त्याच आठवड्यात माझ्या कादंबरीवर एक अभिप्राय छापून आला होता आणि त्यात माझ्या शैलीला ‘चित्रदर्शी’ म्हटले होते. वाचकहो, त्या एका शब्दावर मी दोन दिवस जेवलो. तिसऱ्या दिवशी सौभाग्यवतींनी पुस्तक वाचून संपवले. म्हणाल्या, “छान आहे. ती नदीकाठची संध्याकाळ मात्र मी ओलांडली.” संध्याकाळ तीन पानांची होती, आणि अभिप्राय लिहिणाराला नेमकी तीच आवडली होती. आता दोघांपैकी खरे कोणाचे मानावे?

आमच्या टीकेचे चित्रावाचून पान हलत नाही. शब्दचित्र, व्यक्तिचित्रण, समाजचित्रण! ‘डोळ्यांपुढे चित्र उभे राहते’ म्हटले की टीकाकाराचे कर्तव्य संपले. पण उभे राहिलेले चित्र पुढे काय करते, हे कोणी विचारत नाही. माझे तर तीन पाने नुसतेच उभे होते.

आपला ‘चित्र’ हा शब्द डोळ्याच्या बाजूचा आहे. वेदात तो विशेषण म्हणून येतो: लखलखीत, ठळक, नजरेत भरणारा. त्यातूनच अद्भुत, तऱ्हेतऱ्हेचा हे अर्थ आले. ‘विचित्र’ त्याच घरचा, अंगावर ठिपके मिरवणारा चित्ताही त्याच घरचा. ‘पिक्चर’ची कुळी वेगळी. लॅटिन ‘पिक्तुरा’ हा त्याचा पूर्वज, आणि त्याच्यामागे ‘पिंगेरे’ म्हणजे रंगवणे हे क्रियापद. रोमन लोक भरतकामालाही सुईने रंगवणे म्हणत. त्याहून मागे गेले की रंग संपतो आणि उरते कोरणे, ओरखडा काढून खूण करणे. हा शब्द हाताच्या बाजूचा.

आणि मौज अशी की या परक्या पाहुण्याचे सख्खे नातेवाईक आपल्याच घरात आहेत. संस्कृतातला ‘पिश्’ धातू त्याच मुळाचा: कोरणे, घडवणे, सजवणे. गर्भातल्या बाळाचे रूप घडवणाऱ्या त्वष्ट्याच्या कामासाठी ऋग्वेदात हाच धातू आला आहे. त्यापासून ‘पेशस्’ म्हणजे नक्षी, घडवलेले रूप. आणि आपण नाजूक या अर्थाने वापरतो तो ‘पेशल’ शब्दही. बृहदारण्यकात आत्म्याच्या देहांतराला दृष्टान्त दिला आहे तो सोन्याचा तुकडा घेऊन त्यातून नवे, अधिक सुंदर रूप घडवणाऱ्या कारागिराचा. तिथे दागिना दाखवून ऋषी थांबत नाही. हात चालताना दिसतो.

इथे मला लेसिंग आठवला. या जर्मन टीकाकाराने १७६६ साली ‘लाओकोऑन’ या ग्रंथात चित्र आणि काव्य यांची वाटणी करून दिली. चित्रात सगळे एकाच वेळी शेजारी शेजारी असते. काव्यात एकामागून एक घडते. म्हणून वस्तू चित्रकाराच्या वाट्याला, क्रिया कवीच्या. त्याचा दाखला होमरचा. ‘इलियड’मध्ये अकिलीजची ढाल येते ती तयार होऊन भिंतीवर टांगलेली नव्हे, देव-लोहार हेफेस्टस ती आपल्यादेखत घडवतो. लेसिंगची वाटणी मला फार कडक वाटते. भावकीतल्या वाटणीसारखी, मधे कुंपण घालून मोकळी. स्थिर वर्णनातही कधी जीव असतो. पण माझ्या संध्याकाळीत तो नव्हता, हे मान्य केले पाहिजे. शिवाय आपल्याकडे म्हाइंभटांनी तेराव्या शतकात ‘लीळाचरित्र’ रचले, त्यात तरी वर्णनाचा थाट कुठे आहे? कोण कुठे बसले, काय म्हणाले, काय केले. आणि तेवढ्यावर माणूस समोर येतो.

तेव्हा ‘चित्रदर्शी’ हे प्रशस्तिपत्र मी आता जरा संशयानेच घेतो. दिसले हे खरे. पण कोरले गेले का? टीकाकाराने पहिल्यावर न थांबता दुसरे विचारले असते, तर मला ते सौभाग्यवतींकडून ऐकावे लागले नसते.

नव्या आवृत्तीसाठी मी ती तीन पाने काढून टाकली. तिथे आता एकच वाक्य आहे: नायकाची आई उंबऱ्यात बसून कंदिलाची काच राखेने पुसते. कच्चा खर्डा सौभाग्यवतींना वाचायला दिला आणि शेजारी बसून राहिलो. या वेळी त्या तिथे थांबल्या.

“राख भरड असेल तर काच खरवडते,” त्या म्हणाल्या. “आमची आई वर्तमानपत्राचा कागद घ्यायची.”

मी पेन्सिल घेतली आणि ‘राखेने’ खोडले.