‘खेळणे’ : नाम आणि क्रियापद

मराठीत ‘खेळणे’ हा शब्द नाम म्हणून योजला तर लहान मुलाच्या हातातील वस्तू असा त्याचा अर्थ होतो. क्रियापद म्हणून योजला तर त्याला वयाची मर्यादा राहत नाही. घरगुती व्हिडिओ गेमच्या यंत्राचा, इंग्रजी वळणाने ज्याला ‘कन्सोल’ म्हणतात त्याचा, गेल्या अर्धशतकातील इतिहास हा ह्या नामाकडून क्रियापदाकडे झालेल्या प्रवासाचा इतिहास आहे. मुलांची वस्तू म्हणून विकले गेलेले हे यंत्र विशी-पंचविशीच्या तरुणांनी आपलेसे कसे केले, ह्या प्रश्नाला एक ठराविक उत्तर दिले जाते. ते उत्तर रायगड जिल्ह्यातील पेण आणि रोहा ह्या गावांना कितपत लागू पडते, हे पाहण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. तपासणीचे साधन भाषा हे आहे. कारण एखादी वस्तू समाजात कोणत्या वाटेने आली आणि कोणाच्या हाती राहिली, ह्याची साक्ष तिच्याभोवती रूढ झालेले शब्द पुष्कळदा देतात.

प्रथम ते ठराविक उत्तर पाहू. १९७२ मध्ये अमेरिकेत ‘मॅग्नाव्हॉक्स ओडिसी’ हे यंत्र विक्रीस आले व १९७७ मध्ये अटारीचे. ही सारी कुटुंबाने दिवाणखान्यात एकत्र बसून खेळावयाची साधने होती. १९८३ मध्ये निकृष्ट खेळांच्या सुळसुळाटामुळे अमेरिकेतील हा बाजार कोसळला. त्याच वर्षी १५ जुलै रोजी जपानात निन्टेंडोने जे यंत्र आणले त्याचे नावच ‘फॅमिली कॉम्प्युटर’ असे होते. सेगाने १९८९ पासून अमेरिकेत मैदानी क्रीडांवरील खेळांचा आग्रह धरून पौगंडावस्थेतील मुलांना जवळ केले. ३ डिसेंबर १९९४ रोजी सोनीचे ‘प्लेस्टेशन’ जपानात आले आणि पुढील वर्षी युरोप-अमेरिकेत पोचले. ‘वर्कस्टेशन’ ह्या कचेरीतील शब्दाची आठवण करून देणारे हे नाव मुलाला उद्देशून ठेवलेले नाही, हे उघड आहे. ब्रिटनमध्ये हे यंत्र रात्रीच्या नृत्यगृहांतून मांडले गेले. १९९५ च्या ‘वाइपआउट’ ह्या शर्यतीच्या खेळाला त्याच नृत्यगृहांत वाजणाऱ्या संगीतकारांचे संगीत होते. प्लेस्टेशनची दहा कोटींहून अधिक यंत्रे विकली गेली आणि मार्च २००० मध्ये आलेल्या त्याच्या दुसऱ्या आवृत्तीची पंधरा कोटींहून अधिक. निष्कर्ष असा काढला जातो की, कंपनीने वस्तूचे रूप, नाव व जाहिरात प्रौढ केली, म्हणून गिऱ्हाईकही प्रौढ झाले.

लंडन अथवा टोकियोपुरते हे उत्तर बरोबर असेल. तथापि त्याच्या पोटात दोन गृहीते आहेत. पहिले असे की, तरुणाला स्वतःची खोली आणि त्या खोलीत स्वतःचा दूरदर्शन संच आहे. दुसरे असे की, कंपनीची जाहिरात व कंपनीची वस्तू ह्या दोन्ही त्याच्यापर्यंत पोचतात. विसाव्या शतकाच्या अखेरीस पेणच्या वा रोह्याच्या सामान्य घराला ह्यांपैकी एकही गृहीत लागू नव्हते. घरात संच एक, तो बाहेरच्या खोलीत, आणि त्यावर काय लागावयाचे हे ठरविणारी माणसे वेगळी. असे असूनही यंत्र तेथे पोचले आणि तरुणांनी ते उचलले. तेव्हा कारण अन्यत्र शोधणे प्राप्त आहे.

भारतात रंगीत दूरचित्रवाणी १९८२ च्या आशियाई क्रीडास्पर्धांच्या निमित्ताने सुरू झाली. परदेशी यंत्रांवरील आयातकर जबर होता. १९९५ मध्ये शॉ वॉलेस कंपनीमार्फत सेगाचे ‘मेगा ड्राइव्ह’ विकावयास आले, तेव्हा त्याची किंमत सुमारे १८,००० रुपये होती. महिन्याच्या पगारावर चालणाऱ्या घराला ही किंमत परवडणारी नव्हती. बाजारपेठ व्यापली ती निन्टेंडोच्या धर्तीवर बनविलेल्या स्वस्त यंत्रांनी. ‘सामुराई’, ‘मीडिया’, ‘लिटल मास्टर’ ही त्यांतील काही नावे. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर मिळणाऱ्या वस्तू कोकणात पोचावयास फार काळ लागत नाही. पेण मुंबई-गोवा महामार्गावर आहे आणि रोहा दिवा-पनवेल मार्गाने मुंबईशी जोडलेले असून कोकण रेल्वे तेथूनच सुरू होते. शिवाय गणपतीला व शिमग्याला गावी येणाऱ्या चाकरमान्यांच्या पिशव्या ही कोकणाची जुनी वितरणव्यवस्था आहे. जाहिरातीचे काम तिनेच केले असे म्हणावयास हरकत नाही.

ह्या पहिल्या अवस्थेतील शब्द पाहण्यासारखे आहेत. यंत्रात घालावयाच्या चौकोनी खोक्याला इंग्रजीत ‘कार्ट्रिज’ म्हणतात. मराठी घरांनी त्याला ‘कॅसेट’ म्हटले. हातात धरावयाच्या साधनाला बहुधा ‘रिमोट’ म्हटले गेले. ‘कन्सोल’ हा शब्द तर घराचा उंबरठा ओलांडू शकला नाही. यंत्राला व त्यावरील खेळाला मिळून ‘व्हिडिओ गेम’ किंवा ‘टीव्ही गेम’ एवढेच नाव पुरले. ह्यांत अज्ञान नाही, वर्गीकरण आहे. कॅसेट आणि रिमोट हे टेपरेकॉर्डर, व्हीसीआर व दूरदर्शन संच ह्यांच्या कुळातील शब्द होत. म्हणजे मराठी कुटुंबाने हे यंत्र संचाचे एक अंग म्हणून स्वीकारले, आणि संच ज्यांचा त्यांचे यंत्र, हा न्याय त्याला लावला. परीक्षा संपल्यावर ते माळ्यावरून खाली येई आणि शाळा सुरू झाली की वर जाई. त्यावर बहीण-भाऊ दोघेही खेळत, पाहुण्यांची मुले खेळत, प्रसंगी काकाही हात मारून पाहत. ‘लिटल मास्टर’ ह्या नावातील ‘लिटल’ सार्थ होते. ही वस्तू निःसंशय नाम होती : मुलांचे खेळणे.

ती क्रियापद झाली ती घरातील मुले मोठी झाल्यामुळे आणि यंत्र घराबाहेर पडल्यामुळे. १९९० च्या सुमारास आठ-दहा वर्षांचा असलेला मुलगा २००० साली कॉलेजात होता वा नोकरीस लागला होता. रोह्याजवळच्या धाटाव औद्योगिक वसाहतीतील रासायनिक कारखान्यांत पाळीने काम करणारा, किंवा पेणच्या गणपतीच्या कारखान्यांत हंगामात रात्री जागविणारा तरुण घ्या. त्याच्या हाती थोडा स्वतःचा पैसा आणि पाळीपाळीने मिळणारा रिकामा वेळ होता. स्वतःची खोली मात्र नव्हती. तालुक्याच्या गावांतून जी व्हिडिओ गेमची दुकाने निघाली त्यांनी ही उणीव भरून काढली. दोन-चार संच, प्लेस्टेशनची यंत्रे, बहुधा नकली तबकड्या आणि तासाचा दर. यंत्राची किंमत ज्याला परवडत नव्हती त्याला तासाचे भाडे परवडत होते. ‘टेकेन ३’ (१९९८), कुस्तीचा ‘हिअर कम्स द पेन’ (२००३) आणि ‘क्रिकेट ०७’ (२००६) हे भारतात ह्या काळातील विशेष आवडते खेळ. तिन्ही समोरासमोर दोघांनी खेळावयाचे आहेत, हे ध्यानात घ्यावे.

येथे मराठीतील दुसरा एक शब्द उपयोगी पडतो. ‘खेळ’ म्हणजे क्रीडा आणि ‘खेळ’ म्हणजे प्रयोगही. सिनेमाचा सहाचा खेळ असतो, तमाशाचा खेळ लागतो, शिमग्यात कोकणात ‘खेळे’ येतात. इंग्रजीला जेथे दोन शब्द लागतात तेथे मराठीला एक पुरतो, कारण आपल्या खेळात पाहणारा हा परका नसतो. भाड्याच्या दुकानात दोघे खेळत आणि बाकीचे पाहत. पाहणारे सल्ला देत, चिडवीत, आपल्या ‘चान्स’ची वाट पाहत. ही गर्दी गैरसोय नव्हती; तीच आकर्षण होती. पाश्चात्त्य तरुणाला यंत्राने एकांत दिला असेल, पेण-रोह्याच्या तरुणाला त्याने अड्डा दिला. माझ्या मते येथील लोकप्रियतेचे खरे कारण हे आहे, आणि ते जाहिरातीच्या सिद्धान्तात बसत नाही.

परंतु ह्या अड्ड्याची एक किंमत होती, आणि ती मराठीच्या व्याकरणातच ऐकू येते. व्हिडिओ गेममध्ये डाव हरणारा ‘मी मेलो’ असे म्हणतो. पडद्यावरचे पात्र मरते, पण क्रियापद प्रथमपुरुषी येते. इंग्रजीत ह्याच वाक्यातून बोलणारा पुरुष की स्त्री हे कळत नाही. मराठीत ते लपत नाही : मुलगा ‘मेलो’ म्हणतो, मुलगी ‘मेले’ म्हणते, बोलीत ‘मेली’. घरातील संचासमोर, कॅसेटच्या काळात, ही दोन्ही रूपे एकाच खोलीत ऐकू येत होती. दुकानात केवळ ‘मेलो’ उरले. रात्री आठ वाजता बाजारपेठेतील दुकानात तासाचे भाडे भरून बसण्याची मुभा भावाला होती, बहिणीला नव्हती. ती तिला कोणी स्पष्ट शब्दांत नाकारलीही नाही. नाकारण्याचा प्रसंगच आला नाही. ‘कन्सोल तरुण वर्गात लोकप्रिय झाला’ हे विधान वाचताना ‘तरुण’ हे विशेषण पुल्लिंगी आहे की सामान्य, हे विचारले पाहिजे. ‘तरुणांमध्ये’ हे सामान्यरूप तो प्रश्न झाकते. ‘मेलो’ तो उघडा करते.

ह्यावर असा आक्षेप येईल की, मुली दूर राहिल्या त्या खेळांच्या विषयांमुळे. मारामारी आणि मोटारी त्यांना रुचत नाहीत. हा आक्षेप टिकणारा नाही. १९९६ च्या ‘टूम रेडर’ची नायिका लारा क्रॉफ्ट ही स्त्री आहे. ती कड्यावरून पडली की खेळणारा तरुण तरीही ‘मेलो’च म्हणतो. क्रियापदाचे लिंग पडद्यावरील आकृतीवरून ठरत नाही, रिमोट कोणाच्या हाती आहे ह्यावरून ठरते. विषय बदलून हात बदलत नाहीत. हात बदलतात ते जागा बदलली म्हणजे.

नेमकी हीच गोष्ट खास भारतीय खेळ करू पाहणाऱ्यांच्या लक्षात आली नाही. २००९ मध्ये प्लेस्टेशनच्या दुसऱ्या आवृत्तीसाठी ‘हनुमान : बॉय वॉरियर’ आणि ‘देशी अड्डा’ हे खेळ आले. दोहोंमागील प्रयत्न स्तुत्य होता, परंतु दोहोंतील विचार आशयापाशीच थांबला. पहिल्याने बालनायक निवडून यंत्राला पुन्हा नामाकडे, खेळण्याकडे, नेले. दुसऱ्याने कबड्डी, विटीदांडू, पतंग हे देशी खेळ पडद्यावर आणले. पण रायगड हा कबड्डीचा जिल्हा आहे. ज्याला संध्याकाळी मैदानावर खरा दम घेता येतो त्याने तो पडद्यावर का घ्यावा? उलट ज्या मुलीला त्या मैदानाचाही वाटा मिळालेला नाही, तिच्यापर्यंत हा खेळ पोचावयाचा तर तो दुकानातून घरात येणे अवश्य होते. ‘अड्डा’ हे नाव यथार्थ ठरले ते ह्या उलट्या अर्थाने : अड्ड्यावर कोण बसू शकते हा प्रश्न त्यात विचारलेलाच नाही.

पुढील घडामोडी ह्या मताला पुष्टी देतात. प्लेस्टेशनच्या दुसऱ्या आवृत्तीचे उत्पादन २०१३ च्या आरंभी थांबले. तोवर मोबाइल हाती येऊ लागला होता. २०१८ मध्ये ‘पबजी’ मोबाइलवर आला, २ सप्टेंबर २०२० रोजी त्यावर बंदी आली आणि २०२१ मध्ये तो नव्या नावाने परतला. दुकानांचा आधार तुटला. आता खेळणाऱ्याला ना संच लागतो, ना भाडे, ना रात्री घराबाहेर पडण्याची मुभा. आणि ‘मेले’ हे रूप पुन्हा ऐकू येऊ लागले आहे. विषय तेच मारामारीचे आहेत. बदलली ती जागा. मात्र ‘खेळ’ ह्या शब्दातील दुसरा अर्थ, पाहणाऱ्यांचा, ह्या खोलीतून गेला. स्त्रीलिंगी क्रियापद परत आले तेव्हा शेजारी बसून ‘आता माझा चान्स’ म्हणणारे कोणी नव्हते.

ह्या विषयावर मराठीत आजवर जे लिहिले जाते ते बहुधा ‘नाद’ ह्या एका शब्दाभोवती फिरते. वेळ किती गेला, डोळे किती बिघडले, अभ्यास किती बुडाला, हे प्रश्न खोटे नाहीत. पण नाद लागण्याचीही संधी लागते, आणि ती कोणाला मिळाली हा प्रश्न त्यांच्या आधीचा आहे. आपल्या विभागात बोलींचे शब्दसंग्रह करण्याची परंपरा आहे. शेतीची, मिठागरांची, मासेमारीची परिभाषा विद्यार्थी आस्थेने टिपतात. तीच आस्था कॅसेट, रिमोट, लेव्हल, चान्स ह्या शब्दांच्या वाट्याला यावी. टिपणाऱ्याने प्रत्येक वाक्यासमोर बोलणाऱ्याचे वय, वाक्य उच्चारले ती जागा आणि क्रियापदाचे लिंग एवढ्या तीनच गोष्टी नोंदवाव्यात. पेण-रोह्यात कोण खेळले आणि कोण नुसते वयाने मोठे झाले, ह्याचा निवाडा त्या नोंदींवरून करता येईल.