दूरचित्रवाणी विशेषांकाचे गावकूस

सामूहिक संपादनाने चालणाऱ्या एका डाव्या नियतकालिकाने दूरचित्रवाणीवर विशेषांक काढावयाचे ठरविले आणि त्याच्या जुळणीत प्रस्तुत लेखकाला सहभागी करून घेतले. या नियतकालिकाला एक असा संपादक नाही. प्रत्येक लेख सर्वांनी वाचावयाचा आणि मतभेद बैठकीत मिटवावयाचे, अशी तेथील पद्धत आहे. या मित्रांच्या निष्ठेविषयी मला शंका नाही. मोर्च्यांत आम्ही बरोबर चाललो आहोत. म्हणूनच त्या जुळणीत जो प्रश्न उभा राहिला तो उघडपणे मांडणे अवश्य वाटते. तो एका अंकापुरता नाही. परिवर्तनवादी समीक्षेच्या एकूण पद्धतीविषयीचा आहे.

पहिल्या बैठकीत विषयांची यादी झाली. वाहिन्यांची मालकी, जाहिरातींचे अर्थकारण, वृत्तनिवेदकांचा युद्धज्वर, कौटुंबिक मालिकांतील स्त्री, ‘रामायण’ आणि हिंदुत्वाचे राजकारण, ‘तमस’मधील धर्मनिरपेक्षता, रेमंड विल्यम्सच्या विचारांचा परिचय. यादीच्या अखेरीस ‘दलित आणि दूरचित्रवाणी’, चार पाने. त्यापुढे माझे नाव. “सर, तो विषय तुम्हीच घ्या. आम्ही लिहिलं तर वरवरचं होईल,” असे एका मित्राने प्रामाणिकपणे सांगितले. मीही मान हलविली. परतताना एसटीत ती यादी पुन्हा वाचली तेव्हा ध्यानात आले, की ही अनुक्रमणिका आमच्या गावासारखीच आहे. मध्ये चावडी, देऊळ, वाडे. आणि अखेरीस, ओढ्यापलीकडे, आमची वस्ती.

चार पाने कमी पडली, अशी ही तक्रार नाही. आठ दिली असती तरी मुद्दा तोच राहिला असता. जातीला एक स्वतंत्र लेख दिला, की उरलेले सगळे लेख जातीच्या प्रश्नातून मोकळे होतात. हे मोकळे होणे त्या लेखांनाच कसे पांगळे करते, हे दोन उदाहरणांनी दाखविता येईल.

पहिले उदाहरण ‘तमस’चे. भीष्म साहनी यांच्या कादंबरीवरून गोविंद निहलानी यांनी केलेली ही मालिका १९८८ साली दूरदर्शनवर दाखविली गेली. ती बंद पाडण्याचा प्रयत्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि फसला. डाव्या मंडळींना ही मालिका आपली वाटते आणि ते योग्यच आहे. अंकासाठी आलेल्या लेखात तिचे सार असे दिले होते: सांप्रदायिक शक्ती एका गरीब श्रमिकाला आपले हत्यार बनवितात. हा गरीब श्रमिक म्हणजे नत्थू. तो जातीने चांभार आहे. मुराद अली त्याला पाच रुपये देतो आणि जनावरांच्या डॉक्टरला हवे आहे, असे सांगून डुक्कर मारावयास लावतो. पुढे मशिदीच्या पायऱ्यांवर मेलेले डुक्कर सापडते आणि शहर पेटते.

आता प्रश्न असा, की शहरात गरीब पुष्कळ होते. मुराद अली नत्थूकडेच का गेला? नत्थू त्याला सांगतो, की आपण मेलेल्या जनावरांचे कातडे काढतो, डुक्कर कधी मारलेले नाही. ते त्याच्या व्यवसायात बसत नाही. परंतु काम सांगणाऱ्याच्या लेखी हा फरक अस्तित्वातच नाही. जे काम कोणी करणार नाही ते याने करावयाचे, एवढेच त्याला ठाऊक आहे आणि नत्थूला नकार देता येणार नाही, हेही ठाऊक आहे. म्हणजे दंगलीची पहिली ठिणगी जातिव्यवस्थेने नेमून दिलेल्या श्रमातून पडते. श्रमिकांचीच विभागणी झालेली आहे, हे बाबासाहेबांनी १९३६ मध्येच मांडून ठेवले होते. ‘गरीब श्रमिक’ हा शब्द वापरला, की नत्थूची गरिबी दिसते आणि त्या कोठडीत त्याला उभे करणारी व्यवस्था पुसली जाते. हे मी बैठकीत मांडले तेव्हा उत्तर मिळाले, की मुद्दा चांगला आहे, तो तुमच्या लेखात येऊ द्या. मूळ लेखाचा रोख त्याने ढळेल!

दुसरे उदाहरण अधिक अवघड आहे आणि ते आपल्यालाही अडचणीत टाकणारे आहे. रामानंद सागर यांची ‘रामायण’ मालिका २५ जानेवारी १९८७ पासून ३१ जुलै १९८८ पर्यंत दर रविवारी दाखविली गेली. पुढच्या राममंदिराच्या राजकारणासाठी तिने भूमी तयार केली, हे डाव्या समीक्षेचे म्हणणे आहे. त्यात तथ्य आहे. परंतु मालिका रामाच्या राज्याभिषेकावर संपत आहे हे कळल्यावर १९८८ साली जालंधरच्या सफाई कामगारांनी काम बंद ठेवले. हे लोक वाल्मीकी समाजाचे. वाल्मीकीचा आश्रम आणि लव-कुश ज्यात येतात ती उत्तरकांडाची कथाही दाखवा, अशी त्यांची मागणी होती. संपाचे लोण उत्तर भारतातील इतर शहरांतही गेले आणि पुढे उत्तर रामायणाची मालिका निघाली.

या संपाचे काय करावयाचे? संप हे कामगारवर्गाचे हत्यार. डाव्या समीक्षेला ते प्रिय. पण हे हत्यार मजुरीसाठी नव्हे, तर ज्या कवीचे नाव आपली जात लावते त्याला पडद्यावर जागा मिळावी म्हणून उपसले गेले. याला ‘खोटी जाणीव’ म्हणून बाजूला सारणे सोपे आहे. आंबेडकरी समीक्षकालाही ते सोपे नाही. ज्या उत्तरकांडात वाल्मीकीचा मान आहे, त्याच उत्तरकांडात शंबूकाचा वध आहे. याच काळात, १९८७-८८ मध्ये, महाराष्ट्रात शासनाने छापलेल्या ‘रिडल्स इन हिंदुइझम’ या ग्रंथातील राम-कृष्णावरील परिशिष्टावरून रान उठले होते आणि ते परिशिष्ट राहावे म्हणून दलित समाज लाखोंच्या संख्येने मुंबईच्या रस्त्यावर उतरला होता. त्या परिशिष्टात शंबूकाचा प्रश्न बाबासाहेबांनी विचारलेला आहे. म्हणजे रविवारी सकाळी जो देश एका पडद्यासमोर हात जोडून बसला होता असे आपण लिहितो, त्याच देशात एक दलित समूह रामकथेत आपली जागा मागत होता आणि दुसरा दलित समूह त्या कथेलाच जाब विचारीत होता. दोघेही पायाखालच्या जमिनीवरून बोलत होते. आमच्या यादीतील ‘रामायण आणि हिंदुत्व’ या लेखाच्या टिपणात जालंधर नव्हते आणि ‘रिडल्स’ही नव्हते. तेथे एक ‘जनता’ होती आणि ती भुलली होती. समूहाला असे एकजिनसी समजणे हे तर दूरचित्रवाणीचेच काम. मग त्या माध्यमाची समीक्षा करणाऱ्यानेही तेच करावे काय?

प्रेक्षक कोठे बसून पाहतो, हा प्रश्न म्हणून मला मूलभूत वाटतो. रेमंड विल्यम्सचे दूरचित्रवाणीवरील पुस्तक १९७४ साली प्रसिद्ध झाले. त्यातील ‘प्रवाहा’ची कल्पना अनेकांना माहीत आहे. अटलांटिक ओलांडून मायामीत उतरलेल्या या माणसाने रात्री दूरचित्रवाणी पाहिली आणि चित्रपट, जाहिराती आणि पुढील चित्रपटांची झलक एकमेकांत मिसळून वाहत असल्याचे त्याला जाणवले. परक्याच्या जागेवरून पाहिल्यामुळे ते जाणवले. विल्यम्स हा रेल्वेच्या सिग्नलमनचा मुलगा. आपण कोठून आलो हे त्याने सिद्धान्त मांडताना झाकून ठेवले नाही. आपल्याकडे त्याचा सिद्धान्त येतो. ही सवय मात्र येत नाही.

आमच्याकडे ही जागा नेमून दिलेली असे. १९७५-७६ मध्ये उपग्रहाद्वारे शैक्षणिक दूरचित्रवाणीचा जो प्रयोग सहा राज्यांतील सुमारे २४०० खेड्यांत झाला, त्यात सामुदायिक संच शाळा, पंचायत अशा सार्वजनिक जागी ठेवलेले असत. महाराष्ट्र त्या सहांत नव्हता. मराठवाड्यातील आमच्या खेड्यात संच आला तो वाड्यात आला. १९९८च्या सुमारास ‘शक्तिमान’ पाहावयास आम्ही पोरे जात असू. वाड्याची पोरे ओसरीवर सतरंजीवर, आम्ही अंगणात उन्हात. पाहुणे आले की दार लोटले जाई. पुढे वडिलांनी ऊसतोडीच्या उचलीतून एक जुना कृष्णधवल संच आणला. पहिल्याच संध्याकाळी गावातली दोन पोरे आमच्या दाराशी येऊन उभी राहिली. आईने “आत या रे,” म्हणून दोनदा बोलावले. ती आत आली नाहीत. उंबऱ्याबाहेर उभी राहून त्यांनी सगळा कार्यक्रम पाहिला. एकाच गावातले दोन संच आणि दोन्हीकडे उंबरा मध्येच. ‘दूरचित्रवाणीने खेडे एकत्र आणले’ किंवा ‘दूरचित्रवाणीने खेडे बिघडविले’, या दोन्ही विधानांत हा उंबरा येत नाही.

पडद्यामागची स्थिती वेगळी नाही. २००६ साली झालेल्या एका पाहणीत दिल्लीतील ३७ हिंदी-इंग्रजी प्रसारमाध्यमांतील निर्णय घेणाऱ्या ३१५ व्यक्तींत एकही दलित वा आदिवासी आढळला नाही. २०१९च्या दुसऱ्या एका अभ्यासात वृत्तकक्षांतील १२१ नेतृत्वपदांपैकी १०६ सवर्णांकडे होती; अनुसूचित जाती-जमातींकडे एकही नव्हते. हे आकडे ‘मालकी’च्या लेखात यावयास हवेत. भांडवल कोणाचे, एवढे विचारून थांबणाऱ्या लेखाला, बातमी कोणती हे कोण ठरवितो, याचे अर्धेच उत्तर सापडते.

पण आपलीही झडती घेतली पाहिजे. २०१९ साली ‘स्टार प्रवाह’वर बाबासाहेबांच्या जीवनावरील मालिका सुरू झाली. आमच्या वस्तीत त्या वेळी स्वयंपाक लवकर उरके. माझी आई हात जोडून बसे. आपल्या नियतकालिकांतून तिच्यावर जे लिहिले गेले त्यात कृतज्ञता पुष्कळ, चिकित्सा थोडी. ही वाहिनी त्या वर्षी डिस्ने या अमेरिकन कंपनीच्या ताब्यात गेली होती. बाबासाहेबांच्या दोन प्रसंगांमध्ये कोणाच्या जाहिराती होत्या, संघर्षाचा कोणता भाग कौटुंबिक जिव्हाळ्यात विरघळला, हे प्रश्न आपण विचारले नाहीत. तेथे आपल्याला डाव्या मित्रांची यादी हवी होती. त्यांना आपली हवी आहे, तशीच.

अखेर मी ती चार पाने परत केली. स्वतंत्र लेख नको. त्याऐवजी प्रत्येक लेखकाने आपल्या लेखात तीन प्रश्नांची उत्तरे द्यावीत, अशी सूचना मांडली. हे दृश्य कोणाच्या श्रमावर उभे आहे? ते दाखवावयाचे कोणी ठरविले? आणि ते पाहणारा कोठे बसला आहे? वाद झाला. दोघांनी लेख मागे घेतले. ‘तमस’वर लिहिणाऱ्या मित्राने मात्र पंधरा दिवसांनी नवा लेख पाठविला आणि त्याचा आरंभ नत्थूच्या त्या नकारापासून केला आहे. अंक लांबला. लांबू दे. अनुक्रमणिकेतील गावकूस पाडून निघणारा अंक उशिरा निघाला तरी चालेल. आपल्या विद्यार्थ्यांच्या हाती तोच पडला पाहिजे.