योशिदा, मियाको
(२८ ऑक्टोबर १९६५ –      ). विख्यात जपानी बॅले-नर्तिका. जन्म टोकिओ येथे. १९८३ मध्ये स्वित्झर्लंडमधील लोझॅन येथील तरुण नर्तकांच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत पारितोषिक मिळवून तिने लंडनच्या रॉयल बॅले स्कूलमध्ये प्रवेश घेतला. १९८४ मध्ये ती सॅडलर्स वेल्स रॉयल बॅले या संघात दाखल झाली आणि १९८८ मध्ये तेथील प्रमुख नर्तिका बनली. पीटर राइट हा त्या वेळी संघाचा संचालक होता. १९९० मध्ये हा संघ बर्मिंगहॅमला स्थलांतरित झाला. १९९५ मध्ये ती लंडनच्या रॉयल बॅलेत प्रमुख नर्तिका म्हणून आली व २०१० पर्यंत तेथे होती.

फ्रेडरिक ॲश्टन (१९०४–८८) या नृत्यरचनाकाराने घडविलेली इंग्लिश शैली हा तिच्या कलेचा गाभा होय. द्रुत व बारीक पदन्यास, त्याच वेळी कमरेपासून वरच्या अंगाची डौलदार वळणे आणि भावनेचा संयम ही या शैलीची लक्षणे. पायांची घाई खांद्यांपर्यंत पोहोचू न देणे, ही त्यातील कसोटी. योशिदा तीत पूर्णपणे उतरते. द नटक्रॅकरमधील शुगर प्लम परीच्या भूमिकेला कथानकाचा आधार जवळजवळ नाही; तेथे चेलेस्टाच्या सुटया सुरांना पावलांनी दिलेला नेमका प्रतिसाद हाच अभिनय ठरतो. ऑन्डीन ही भूमिका ॲश्टनने १९५८ मध्ये मार्गो फाँटेनसाठी रचली. स्वतःची सावली प्रथमच पाहणाऱ्या जलपरीचे कुतूहल योशिदाने फाँटेनचे अनुकरण न करता रंगविले.

तिच्या लहान चणीमुळे ‘नाजूक’ हे विशेषण तिला सहज लावले जाते. ते अपुरे आहे. कारण या हलकेपणामागे तोल आणि स्नायूंचे कठोर नियंत्रण आहे. मात्र शोकात्म प्रसंगांत हाच संयम कधीकधी उत्कटतेला आवर घालतो, ही तिच्या कलेची मर्यादा म्हणता येईल.

कॉव्हेंट गार्डन येथे ॲश्टनच्याच सिंडरेलाद्वारे तिने २०१० मध्ये लंडनच्या प्रेक्षकांचा निरोप घेतला. २०१९ मध्ये ती रंगमंचावरून निवृत्त झाली व २०२० मध्ये जपानच्या राष्ट्रीय बॅले संघाची कलासंचालक झाली. तिने सिद्ध केलेला जिझेल हा बॅले या संघाने २०२५ मध्ये कॉव्हेंट गार्डन येथे सादर केला. एके काळी जेथे ती परदेशी विद्यार्थिनी म्हणून आली, तेथेच तिने घडविलेला संघ आता पाहुणा म्हणून उभा राहिला. शैलीचा वारसा जन्मावर नव्हे, तर साधनेवर अवलंबून असतो, याची साक्ष तिची कारकीर्द देते.