सुशी, जिरो आणि आमचा काउंटर

सुशी म्हणजे कच्चा मासा, अशी माझी पक्की समजूत होती. डेव्हिड गेल्ब यांचा ‘जिरो ड्रीम्स ऑफ सुशी’ हा २०११ सालचा माहितीपट पाहायला बसलो तो तिला धरूनच. शेजारच्या चिरंजीवांनी आधी शिकवणी घेतली. सुशीचा प्राण मासा नव्हे, व्हिनेगर घातलेला भात! भाताचा लांबट गोळा दाबून वर माशाचा काप ठेवला की निगिरी. समुद्रशेवाळाच्या पापुद्र्यात गुंडाळून तुकडे केले की माकी. वाडग्यात भातावर सगळं पसरलं की चिराशी. सोयाबीनच्या पनीराच्या तळलेल्या पिशवीत भरला की इनारी.

माहितीपटात मात्र निगिरीचंच राज्य. बाकीच्या प्रकारांची नवशिक्याला ओळख करून द्यावी, हे दिग्दर्शकाच्या गावीही नाही. संगीत तर इतकं भारदस्त, की भूक लागण्याऐवजी दडपण येतं.

पण जिरो ओनो! टोकियोतल्या गिन्झा भागात, भुयारी स्टेशनापाशी दहा खुर्च्यांचं दुकान. एक उमेदवार अंड्याची सुशी दोनशेवर वेळा करतो, तेव्हा कुठे ती पसंत पडते. आणि तो रडतो. गिऱ्हाईक डावखुरं दिसलं, की जिरो सुशी डावीकडे ठेवतात. हे मात्र मला लागलं. वीस वर्षं काउंटरवर बसतोय; लोकांच्या सह्या पाहिल्या, हात कधी पाहिले नाहीत.

दुसऱ्या दिवशी मान वर करून समोरच्या पेन्शनर आजोबांकडे नीट पाहिलं. ते घाबरून म्हणाले, “सही चुकली का हो साहेब?”