मालमत्तेच्या रक्षणार्थ प्राणहरण : भारतीय न्याय संहितेच्या कलम ४१ ची चिकित्सा

प्रस्तावना

बिहारमधील एका घराच्या शौचकुपाची भिंत कोसळली. आडोसा नाहीसा झाल्यामुळे त्या घरातील स्त्री शेजाऱ्याचा शौचकूप वापरू लागली. तोंडी मनाई करूनही वापर थांबेना, तेव्हा शेजाऱ्याने शौचकुपाच्या वाटेवर उघडी तांब्याची तार बांधून तीत घरातील वीजप्रवाह सोडला. परत येताना त्या स्त्रीचा हात तारेस लागला आणि तिचा मृत्यू झाला. आपल्या जागेत घुसणाऱ्यास रोखण्याचा हक्क आपणास होता, हा शेजाऱ्याचा बचाव सर्वोच्च न्यायालयाने ‘चेरुबिन ग्रेगरी विरुद्ध बिहार राज्य’ या खटल्यात १९६३ साली फेटाळला. अतिक्रमण करणारा मनुष्य केवळ त्या कृत्यामुळे कायद्याच्या छत्राबाहेर जात नाही, असे या निर्णयाचे सार आहे.

महाराष्ट्राला हा प्रश्न परका नाही. रानडुकरांपासून पीक वाचवण्यासाठी शेताच्या कुंपणात वीजप्रवाह सोडण्याची प्रथा विदर्भात आढळते व त्यात वन्य प्राण्यांबरोबर माणसांचेही बळी गेले आहेत. मालमत्तेसाठी माणसाचा जीव घेण्याची मुभा कायद्याने कोठवर द्यावी, हा प्रश्न म्हणूनच केवळ तात्त्विक राहत नाही. भारतीय दंड संहितेच्या (१८६०) जागी १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता, २०२३ अमलात आली. या प्रश्नाचा पुनर्विचार करण्याची ती संधी होती. ती कशी दवडली गेली, याची चिकित्सा प्रस्तुत लेखात केली आहे.

तरतुदीचे स्वरूप

खाजगी बचावाच्या हक्काविषयीच्या तरतुदी पूर्वी दंड संहितेच्या कलम ९६ ते १०६ मध्ये होत्या. आता त्या न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये आहेत. मालमत्तेच्या बचावात हल्लेखोराचा मृत्यू घडवून आणण्यापर्यंत हा हक्क केव्हा पोहोचतो, हे पूर्वीच्या कलम १०३ ने व आजच्या कलम ४१ ने सांगितले आहे. त्यात चार प्रकार येतात : जबरी चोरी, सूर्यास्तानंतर व सूर्योदयापूर्वी केलेली घरफोडी, मानवी वस्तीसाठी किंवा मालमत्ता ठेवण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या इमारतीस, तंबूस अथवा जलयानास आग लावून किंवा स्फोटक पदार्थाने केलेली आगळीक, आणि मृत्यू वा जबर दुखापत होईल अशी वाजवी धास्ती निर्माण करणारी चोरी, आगळीक किंवा गृह-अतिक्रमण.

या हक्कास कलम ३७ च्या मर्यादा आहेत. लोकप्राधिकाऱ्यांचे साहाय्य घेण्यास अवसर असेल तर हक्क उरत नाही आणि बचावासाठी आवश्यक तेवढ्याहून अधिक इजा करता येत नाही. त्यामुळे कलम ४१ हा मोकळा परवाना नव्हे, हे प्रथमच नमूद करणे न्याय्य ठरेल.

तथापि, या चार प्रकारांची परस्परांशी तुलना केली असता एक विसंगती दिसते. चौथ्या प्रकारात जीविताच्या धास्तीची अट स्पष्ट शब्दांत आहे. जबरी चोरीच्या व्याख्येतच इजा किंवा इजेची भीती अनुस्यूत आहे. दुसऱ्या व तिसऱ्या प्रकारांत मात्र अशी कोणतीही अट नाही. तेथे गुन्ह्याची वेळ, स्थळ आणि साधन यांवरूनच धोका गृहीत धरला जातो.

‘रात्र’ आणि ‘घर’

रात्रीच्या चोराला वेगळे मानण्याची परंपरा प्राचीन आहे. रोमच्या ‘बारा पट्टां’च्या कायद्यात रात्री चोरी करणाऱ्याचा वध क्षम्य होता, दिवसा मात्र चोराने शस्त्राने प्रतिकार केला तरच. हिब्रू धर्मग्रंथातील ‘निर्गम’ या भागातही सूर्योदयापूर्वीच्या व नंतरच्या वधात भेद केला आहे. या भेदामागील विचार मालमत्तेचा नसून माणसाचा आहे. अंधारात आलेला मनुष्य चोर आहे की मारेकरी, हे झोपेतून जाग्या झालेल्यास कळत नाही आणि मदतीला कोणी जवळ नसते.

न्याय संहितेची शब्दयोजना या विचाराशी सुसंगत नाही. गृह-अतिक्रमणाच्या व्याख्येत राहत्या घराबरोबर प्रार्थनास्थळ आणि मालमत्ता ठेवण्याची इमारतही येते. परिणामी, ज्यात कोणीही झोपलेले नाही अशा कुलूपबंद गोदामात खिडकीतून शिरणारा मनुष्यही ‘घरफोडी’ करणारा ठरतो. हिवाळ्यात महाराष्ट्रात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. दिवेलागणीची वेळ आणि मध्यरात्र यांत या कलमाने फरक केलेला नाही. दंड संहितेतील ‘रात्रीची घरफोडी’ या शब्दांऐवजी ‘सूर्यास्तानंतर व सूर्योदयापूर्वी’ हे शब्द आता मूळ कलमात आले. परंतु कलम ४४६ मध्ये रात्रीचा अर्थ पूर्वीही तोच होता. म्हणजे बदल शब्दांचा झाला, आशयाचा नाही. ज्या इंग्लंडमधून घरफोडी व रात्र यांची ही सांगड आली, तेथील घरफोडीच्या व्याख्येतून रात्रीची अट १९६८ च्या चोरीविषयक कायद्याने वगळली.

प्रवाह उलट्या दिशेनेही वाहिलेला दिसतो. महाराष्ट्राने १९७१ साली दंड संहितेच्या कलम १०३ मध्ये राज्यापुरता पाचवा प्रकार जोडला होता. शासन, स्थानिक संस्था आदींच्या मालमत्तेस किंवा प्रवासी वाहनास आग लावून वा स्फोटकाने केलेली आगळीक त्यात समाविष्ट होती. आत माणूस असलाच पाहिजे, अशी अट तेथेही नव्हती.

नैतिक आधाराचा प्रश्न

मालमत्तेसाठी प्राण घेण्याचे समर्थन करणारा प्रभावी युक्तिवाद जॉन लॉकने सतराव्या शतकाच्या अखेरीस मांडला. जो बळाने मला आपल्या ताब्यात घेऊ पाहतो, तो धन घेऊन थांबेल असे मानण्यास मला आधार नाही. म्हणून त्याचा वध न्याय्य आहे, असा त्याचा आशय. बारकाईने पाहता हा युक्तिवाद मालमत्तेच्या मूल्यावर उभा नाही. चोराच्या बळातून सूचित होणाऱ्या जीविताच्या धोक्यावर तो उभा आहे. जेथे बळ नाही, तेथे तो लागू पडत नाही.

धर्मशास्त्रातील ‘आततायी’ ही संकल्पना याहून व्यापक आहे. वसिष्ठाने सांगितलेल्या सहा आततायींत आग लावणारा, विष देणारा व शस्त्र उगारणारा यांच्याबरोबर धन, क्षेत्र आणि दारा यांचे हरण करणारेही आहेत. परंतु आततायीच्या वधाला मुभा कोठवर, याविषयी भाष्यकार व निबंधकार यांच्यात दीर्घ वाद झाला. म. म. पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासात त्याचा परामर्श घेतला आहे. परंपरेचा दाखला देऊन प्रश्न निकालात काढता येत नाही, एवढे तरी या वादावरून स्पष्ट होते.

प्रमाणबद्धतेची कसोटी लावल्यास विसंगती अधिक ठळक होते. न्याय संहितेच्या कलम ३०३ नुसार पाच हजार रुपयांहून कमी किमतीच्या पहिल्याच चोरीत, मालमत्ता किंवा तिचे मूल्य परत केल्यास, समाजसेवा हीच शिक्षा आहे. चोरीसाठी रात्री केलेल्या घरफोडीस कमाल चौदा वर्षांचा कारावास आहे. पूर्ण सुनावणीनंतरही राज्यसंस्था ज्या कृत्यासाठी फाशी देऊ शकत नाही, त्यासाठी खाजगी व्यक्तीच्या हातून घडलेला मृत्यू क्षम्य ठरू शकतो. देहदंडास किंवा आजीव कारावासास पात्र अशा गुन्ह्याचा आरोप नसलेल्या व्यक्तीचा अटक करताना मृत्यू घडवण्याचा अधिकार पोलिसांनाही फौजदारी प्रक्रियेचा कायदा देत नाही. बचाव म्हणजे शिक्षा नव्हे, हे उत्तर येथे दिले जाईल आणि ते अंशतः योग्यही आहे. मात्र बचावाचे समर्थन टाळलेल्या हानीवरून ठरते. टाळलेली हानी केवळ भरून येण्याजोग्या वस्तूची असेल, तर न भरून येणारी हानी करण्यास आधार उरत नाही. १९५० च्या युरोपीय मानवी हक्क कराराच्या दुसऱ्या अनुच्छेदात बचावासाठी प्राणहरणाचा अपवाद आहे. तो व्यक्तीला बेकायदा हिंसेपासून वाचवण्यापुरता असून त्यात मालमत्तेचा उल्लेख नाही.

न्यायालयांची भूमिका

भारतीय न्यायालयांनी कलमाच्या शब्दांहून अधिक विवेक दाखवला आहे. कटनी येथे १९५० साली झालेल्या दंगलीत जमावाने शेजारचा भावाचा भाग लुटून दुकानाच्या दारावर लाठ्या मारण्यास सुरुवात केली, तेव्हा आत असलेल्या इसमाने गोळीबार केला व एकजण मरण पावला. ‘अमजद खान’ खटल्यात (१९५२) न्या. विव्हियन बोस यांनी त्याचा बचाव मान्य केला. घरातल्यांच्या जिवाची धास्ती खरी असताना वापरलेले बळ सोनाराच्या काट्यावर तोलायचे नसते, असा त्या निर्णयाचा रोख होता. याउलट, शेतीच्या वादातून उद्भवलेल्या ‘जय देव’ खटल्यात (१९६२) प्रतिपक्ष पळू लागल्यावर बचावाचा हक्क संपला, असे न्यायालयाने ठरवले. दोन्ही निर्णयांचा निकष एकच : धोका होता काय, आणि तो कोठवर होता. न्यायालयांना व्यवहारात लावावा लागणारा हा निकष कायद्याच्या शब्दांत मात्र अपुराच उतरला आहे.

संभाव्य आक्षेप

पहिला आक्षेप असा की, वाडीवस्तीवर राहणाऱ्या कुटुंबाला पोलीस ठाणे दूर असते. रात्री शिरलेल्याचा हेतू विचारत बसण्याची त्याला सवड नसते. हा आक्षेप गंभीर आहे. परंतु अशा कुटुंबाला शरीराच्या बचावाविषयीचे कलम ३८ आणि कलम ४१ चा चौथा प्रकार पुरेसे संरक्षण देतात. राहत्या घरात मध्यरात्री घुसलेल्याविषयी वाटणारी धास्ती कोणतेही न्यायालय सहसा अवाजवी मानणार नाही.

दुसरा आक्षेप असा की, गरिबाची मालमत्ता हेच त्याचे जीवित असते. बैलजोडी किंवा बियाणे गेले तर वर्ष जाते. हेही खरे आहे. मात्र ही हानी भरून देण्याची जबाबदारी समाजाची व शासनाची आहे. ती पार पाडली जात नाही म्हणून दुसऱ्याच्या प्राणाने तिची भरपाई करावी, हा निष्कर्ष त्यातून निघत नाही. शिवाय कलमाची व्यापक भाषा बैलजोडीच्या मालकाइतकीच गोदामाच्या मालकालाही उपयोगी पडते.

तिसरा मुद्दा आक्षेपाचा नसून सावधगिरीचा आहे. ‘वाजवी धास्ती’ समाजाच्या पूर्वग्रहांतून मुक्त नसते. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने पारधी आदी समाजांवर मारलेला शिक्का १९५२ साली कायद्याने पुसला; लोकमानसातून तो पूर्णपणे पुसला गेला नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठार मारले. तेथे संशय चोरीचा नव्हे, मुले पळवण्याचा होता आणि कायद्याचा कोणताही आधार नव्हता. तरीही अनोळखी भटक्याकडे संशयाने पाहण्याची दृष्टी तेथे प्रकर्षाने दिसली. धास्तीची वाजवीता तपासताना या दृष्टीचे भान न्यायालयांना ठेवावे लागेल.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून तीन सुधारणा सुचतात. पहिली, कलम ४१ मधील रात्रीच्या घरफोडीचा प्रकार माणसांचे वास्तव्य असलेल्या वास्तूपुरता मर्यादित करावा. दुसरी, आगळीकीच्या प्रकारातही आत किंवा निकट माणूस असल्याची, अथवा तसे मानण्यास वाजवी कारण असल्याची अट घालावी. तिसरी, वीजप्रवाहाची तार यांसारख्या, आपोआप प्राण घेणाऱ्या साधनांना खाजगी बचावाचा आधार मिळणार नाही, हे ‘चेरुबिन ग्रेगरी’ निर्णयाला अनुसरून कायद्यातच नमूद करावे. तारेला चोर, लहान मूल आणि वाट चुकलेला पांथस्थ यांतील भेद कळत नाही. बचावाच्या हक्कात जो विवेक अभिप्रेत आहे, तो तेथे असूच शकत नाही.

या सुधारणांनी घरमालक दुबळा होणार नाही. जीव वाचवण्यासाठी बळ वापरण्याचा त्याचा हक्क अबाधित राहील. केवळ वस्तू वाचवण्यासाठी जीव घेण्याची मुभा मात्र संपेल. १८६० च्या संहितेने हा भेद अर्धवट केला होता. २०२३ च्या संहितेने तो पूर्ण करावयास हवा होता.