मादामची कानातली

"या बाईला कमी काय आहे?" 'मादाम द...' पहिल्यांदा लावला तेव्हा आमच्या ह्यांनी पंधराव्या मिनिटाला विचारलं. खरं सांगते, मलाही तेच वाटलं होतं. कर्ज झालंय म्हणून ही उमरावघरची बाई कपाट उघडून काय विकावं ते बघते. फरचे कोट सोडवत नाहीत. मग निवडते ती नवऱ्याने लग्नात दिलेली हिऱ्यांची कानातली!

माक्स ओफ्यूल्सचा हा फ्रेंच चित्रपट १९५३चा, पण गोष्ट पहिल्या महायुद्धापूर्वीच्या पॅरिसची. नायिका लुईझ (दानिएल दारियू) कानातली ऑपेरात हरवली म्हणून सांगते. चोरीची बातमी छापून येते, घाबरलेला जवाहिऱ्या थेट तिच्या नवऱ्याकडे, जनरलसाहेबांकडे जातो. साहेब ती परत विकत घेतात आणि देतात कोणाला? निरोप देताना आपल्या प्रेयसीला! ती कॉन्स्टँटिनोपलला जाऊन जुगारात घालवते. तिथे ती बॅरन दोनातीच्या हाती येतात. (हा बॅरन म्हणजे 'बायसिकल थीव्ह्ज'चा दिग्दर्शक व्हित्तोरिओ दे सिका. नट म्हणूनही किती देखणा!) बॅरन पॅरिसला येतो, लुईझच्या प्रेमात पडतो आणि तीच कानातली तिला भेट देतो.

इथवर आपण हसत असतो. नवऱ्याने बाई ठेवावी, बायकोने चाहते जमवावेत, कोणाची हरकत नाही. फक्त मनापासून काही वाटून घ्यायचं नाही, हा या लग्नाचा अलिखित करार. लुईझ तोच मोडते. दोघांचं नृत्य तर विसरता येत नाही. गिरकी घेता घेता पोशाख बदलतात, दोन भेटींमधले दिवस कमी होत जातात, शेवटी वादक वाद्यं आवरतात तरी हे नाचतच आहेत.

मग ती नवऱ्यादेखत हातमोज्यात कानातली "सापडल्याचं" नाटक करते. त्याला सगळं ठाऊक असतं. तेव्हाचा शार्ल बोआयेचा चेहरा मी दोनदा मागे जाऊन पाहिला. हा नवरा खलनायक नाही, म्हणूनच जास्त बोचतो. पुढे तो तीच कानातली नात्यातल्या नुकत्याच बाळंत झालेल्या मुलीला द्यायला लावतो. तीही नवऱ्याच्या कर्जापायी विकते, अर्थात त्याच दुकानात!

आणि आता लुईझ ती परत मिळवण्यासाठी फर विकते, दागिने विकते. पहिल्या प्रसंगात जे सुटत नव्हतं तेच. हिरे तेच, देणारा बदलला. इथे माझं तिच्याबद्दलचं मत साफ बदललं. "कमी काय" हेही कळलं.

शेवट मात्र मला पटला नाही. प्रेमात खंगत जाणारी नायिका आणि द्वंद्वयुद्ध, हे इतक्या तिरकस चित्रपटाला जड होतं. ह्यांना तोच भाग सर्वांत आवडला. पावणेदोन तासांचा चित्रपट आहे, खाली सबटायटल्स असतात. पण पहिली दहा मिनिटं चुकवू नका, नाहीतर त्या फरच्या कोटांचं काय ते कळायचं नाही.